डिकीचं माप

माझ्या पर्समध्ये कापड मापायची टेप असते. आईची आहे, सांगलीहून आणलेली. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. आई तिने गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं घ्यायची, मी गाड्यांची घेते. सीट जमिनीपासून किती उंच आहे, दार किती उघडतं, डिकीचं तोंड किती रुंद आहे, डिकीचा उंबरा माझ्या कमरेच्या वर येतो की खाली.

मी इंग्लंडात रेडिंगला राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००९ साली आलो. २०१६ मध्ये मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असल्याचं कळलं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर जे आवरण असतं, त्यावर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. माझ्या बाबतीत आधी उजवा पाय गेला, म्हणजे तो दिसतो तसाच, पण सांगितलेलं ऐकत नाही. मग दोन्ही पायांत जडपणा आला. आणि एक थकवा आला, जो झोपून जात नाही.

इथे अपंगांना मोटॅबिलिटी नावाच्या योजनेतून भाडेपट्ट्यावर गाडी मिळते. माझ्याकडेही आहे. गेल्या वर्षी या योजनेवरून वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या मोबाइलवर इतकं काही फिरत होतं, की आमच्या मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीलाही तो विषय निघाला, माझ्यासमोरच. ‘फुकटच्या गाड्या’, ‘आमच्या टॅक्सवर बीएमडब्ल्यू’. बोलणारे परके नव्हते. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, हातात ताट होतं आणि डोळ्यांत पाणी येईल अशी भीती होती. म्हणून गाडी कशी मिळाली ते पहिल्यापासून लिहिते आहे.

गाडीच्या आधी फॉर्म येतो. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे, सगळे त्याला पिप म्हणतात. २०१३ पासून तो जुन्या भत्त्याच्या जागी आला. त्याचे दोन भाग: रोजच्या जगण्यासाठी एक आणि हिंडण्याफिरण्यासाठी एक. हिंडण्याफिरण्याच्या भागातही दोन दर. त्यातला वरचा दर मिळाला तरच गाडीचं दार उघडतं आणि त्याला १२ गुण लागतात. गुण पगारावर किंवा आजाराच्या नावावर मिळत नाहीत. तुम्ही काय करू शकता आणि काय नाही, यावर मिळतात. चालण्याचा नियम असा की उभं राहून २० मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर १२ गुण. काठी घेऊन २० ते ५० मीटर जाता येत असेल तर १०. म्हणजे दोन गुणांनी गाडी हुकते. जुन्या भत्त्यात ही रेघ साधारण ५० मीटरवर होती. नव्यात ती २० वर आली आणि ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं गाडी होती, अशा कितीतरी लोकांच्या गाड्या फेरतपासणीत परत गेल्या.

२० मीटर म्हणजे किती हे आधी मलाही कळत नव्हतं. दोन डबलडेकर बस एकामागे एक उभ्या केल्या तर त्याहून थोडं जास्तच होतं.

२०१८ मध्ये माझी तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “बसस्टॉपपर्यंत चालत जाता का?” मी म्हणाले, “हो, जाते.” खोटं नव्हतं. वाटेत एका घराच्या बुटक्या भिंतीवर दोनदा बसते, आणि परत आल्यावर संध्याकाळपर्यंत पलंगावरून उठत नाही, हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आपल्याकडे बाईला ‘कशी आहेस’ असं विचारलं की ‘बरी आहे’ एवढंच तोंडातून बाहेर पडतं. ताप असला तरी. ती सवय मी सोळाशे रुपयांच्या साड्यांबरोबर बॅगेत भरून आणली होती आणि ती मला त्या दिवशी फार महाग पडली. पत्र आलं: १० गुण.

एका महिन्याच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो केला, उत्तर तेच आलं. मग गावातल्या एका सल्ला केंद्रात एक वयस्कर गृहस्थ भेटले. स्वयंसेवक होते, पैसे घेत नव्हते. त्यांनी नियमातला एक भाग बोट ठेवून वाचून दाखवला. एखादी गोष्ट ‘करता येते’ असं तेव्हाच धरायचं, जेव्हा ती सुरक्षितपणे करता येते, बऱ्यापैकी करता येते, पुन्हा पुन्हा करता येते आणि धडधाकट माणसाला लागेल त्याच्या दुपटीहून जास्त वेळ न लागता करता येते. यातलं एक जरी नसेल, तर ती करता येत नाही असंच धरायचं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, “टेप काढ.” आमच्या दारापासून रस्त्याच्या कडेने २० मीटर मापले. टेप दीड मीटरची, त्यामुळे खडूने खुणा करत करत तो ओणवा पुढे सरकत होता आणि शेजारचं पोरगं काय चाललंय म्हणून बघत होतं. चौथ्या घराच्या फाटकाशी २० मीटर संपले. पुढचे दोन आठवडे मी त्या फाटकापर्यंत किती वेळा, किती वेळात गेले, नंतर काय झालं, हे वहीत लिहिलं. सहा दिवस फाटकापर्यंत पोचलेच नव्हते. ते कागदावर बघेपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

अपील २०१९ च्या ऑक्टोबरात लागलं. समोर तिघं होते: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक बाई. डॉक्टरांनी वही चाळली आणि विचारलं, “आणि परत येताना?” दीड वर्षात परतीच्या वाटेबद्दल मला कोणीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी १२ गुण मिळाले. ‘फुकटची गाडी’ म्हणणाऱ्यांनी हे दीड वर्ष मनात धरावं, एवढंच मला वाटतं.

आता पैशाचं. वरच्या दराचा भत्ता २०२५–२६ मध्ये आठवड्याला ७७ पौंड ५ पेन्स होता. ज्याला गाडी नको, त्याच्या खात्यात हे पैसे जमा होतात, तो टॅक्सीला वापरो नाहीतर कशालाही. गाडी घेतली की ती रक्कम, बहुतेक वेळा सगळी, योजनेकडे वळते. या दराने तीन वर्षांचे १२ हजार पौंड होतात. त्यात गाडी, विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि रस्त्यात बंद पडली तर मदत, हे सगळं येतं. काही गाड्यांना त्यावर एकरकमी पैसे सुरुवातीला भरावे लागतात, ते परत मिळत नाहीत. तीन वर्षांनी गाडी परत द्यायची. माझ्या मालकीचं त्यातलं काहीही राहत नाही. ज्या गाड्यांत माणूस व्हीलचेअरवर बसल्या बसल्या उताराच्या फळीवरून आत जातो, त्यांचा करार पाच वर्षांचा असतो, आणि त्यांना सुरुवातीचे पैसेही बहुधा सगळ्यात जास्त लागतात. ज्याचं शरीर सगळ्यात कमी साथ देतं, त्यालाच सगळ्यात जास्त भरावं लागतं. मोटॅबिलिटी फाउंडेशन ही धर्मादाय संस्था अशांना अनुदान देते, पण त्यासाठी पुन्हा एक अर्ज, पुन्हा घरातल्या पैशांचा हिशेब.

शोरूमला जायच्या आधी मला लायसन्सचं बघावं लागलं. हा आजार असेल तर लायसन्स खात्याला कळवणं सक्तीचं आहे. कळवलं, आणि मला ठरावीक मुदतीचं लायसन्स मिळालं. मग एका केंद्रात चाचणी झाली. तिथे एक नुसतं गाडीचं धूड होतं, पॅडल आणि स्टिअरिंग असलेलं, आणि दिवा लागला की ब्रेक दाबायचा. माझा उजवा पाय ब्रेकवर पोचायला जो वेळ लागला, तो आकडा बघून मी गप्प झाले. त्या आधीचे सहा महिने मी त्याच पायाने मुलीला शाळेत सोडत होते. तिथल्या शिक्षकाने मला हाताने चालवायची गाडी शिकवली. स्टिअरिंगच्या बाजूला दांडा असतो: ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. दुसऱ्या हातात स्टिअरिंगवरचा गोळा. पहिल्या दिवशी माझे दोन्ही खांदे भरून आले. चौथ्या दिवशी मी एका चौकात गाडी व्यवस्थित थांबवली, आणि शिक्षक काहीच बोलला नाही, खिडकीबाहेर बघत बसला. मला तेव्हा कळलं की मला जमतंय.

आणि मग गाडीची निवड. लोकांना इथे चैन दिसते, म्हणून इथे जरा थांबते.

माझी घडीची व्हीलचेअर १५ किलोची. ती डिकीत उचलून ठेवणं मला शक्य नाही, म्हणून डिकीत छोटी विजेची यारी बसवतात. बटण दाबलं की ती खुर्ची उचलून आत घेते. यारीला जागा लागते, खुर्चीला जागा लागते, आणि डिकीचं तोंड चौकोनी लागतं. तिरक्या काचेच्या गाडीत खुर्ची आडवी फिरतच नाही. सीट फार खाली असेल तर उठताना माझे गुडघे मला वर आणत नाहीत. फार उंच असेल तर आत जायला पाय उचलावा लागतो आणि तो उचलत नाही. माझ्या टेपवर ती उंची ५८ ते ६२ सेंटीमीटर येते. चार सेंटीमीटरची ही पट्टी. गाडी ऑटोमॅटिक हवी. दार पूर्ण उघडायला हवं. इतकं सगळं धरून पहिल्या वेळी मी नऊ गाड्यांमध्ये बसून पाहिलं. ज्या छोट्या गाडीला वरचे पैसे शून्य होते, तिच्या डिकीत यारी बसत होती, पण मग खुर्ची बसत नव्हती. शेवटी एक उंच, जाडजूड दिसणारी गाडी मापात बसली. लोक तिला एसयूव्ही म्हणतात आणि ‘हिला कशाला एवढी मोठी’ असंही म्हणतात. विक्रेत्याने रंग विचारला, तेव्हा मी कुठला सांगितला ते मला आठवत नाही.

आमच्या एमएसच्या गटात एक इंग्रज आजोबा येत असत. त्यांनी तरुणपणी सरकारी तीनचाकी चालवली होती. १९७० च्या दशकापर्यंत इथे अपंगांना सरकार तीच द्यायचं. फायबरची, फिकट निळी, एकच सीट, स्टिअरिंगच्या जागी दांडा. शेजारी कोणाला बसवायची सोयच नव्हती. त्यांनी सांगितलं, “बायकोला बाळंतपणासाठी न्यायचं होतं तेव्हा ती भावाच्या गाडीत गेली आणि मी मागून एकटा.” सगळ्यांना एकच गाडी, एकच रंग, लांबूनच कळायचं कोण येतंय ते. वाऱ्यात ती कलंडायची. १९७० च्या अपंगांच्या कायद्यामागे ज्यांचे कष्ट होते ते आल्फ मॉरिस पुढे अपंगांसाठीचे मंत्री झाले. १९७६ मध्ये प्रवासभत्ता सुरू झाला, १९७७ मध्ये लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांनी मोटॅबिलिटी उभी केली आणि १९७८ मध्ये पहिल्या गाड्या लोकांच्या हाती आल्या. शेजाऱ्यासारखीच साधी गाडी, आणि ती आपण निवडलेली. निळ्या तीनचाक्यांना २००३ मध्ये रस्त्यावर बंदी आली. आजोबा म्हणायचे, पहिल्या चारचाकीत बायको शेजारी बसली तेव्हा दोघंही पहिले पाच मैल काही बोलले नाहीत. त्यांची गोष्ट ऐकल्यापासून ‘निवडायला गाड्यांची यादी कशाला एवढी मोठी हवी’ हा प्रश्न मला साधा वाटत नाही.

माझा मावसभाऊ इस्लामपूरला असतो. लहानपणी पोलिओ झालेला. पंचवीस वर्षं मागे दोन चाकं लावलेली स्कूटर चालवली त्याने. २०२१ मध्ये त्याला चारचाकी घ्यायची होती. आपल्याकडे तेव्हा अस्थिव्यंग असणाऱ्याला जीएसटीत सवलत होती, पण अट अशी की गाडी चार मीटरपेक्षा लांब नको, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीच्या वर नको. त्याने फोनवर विचारलं, “ताई, माझी खुर्ची, दोन पोरं आणि आई, चार मीटरात कसं बसवू?” कागदावर लांबी होती, सीसी होते. त्याच्या पायाचं माप कुठेच नव्हतं. त्याने शेवटी छोटी गाडी घेतली आणि खुर्ची टपावर बांधतो. दोन देश, दोन वेगळ्या योजना, आणि माप घेण्याची रीत मात्र सारखीच चुकलेली.

गणपतीत जे बोलले, ते माझ्या नवऱ्याचे मित्र. त्यांना मी भावजी म्हणते, माझ्या निदानाच्या वेळी त्यांनीच आमच्या मुलीला आठ दिवस सांभाळलं होतं. दिवाळीच्या फराळाला ते घरी आले तेव्हा मी स्वतःहून विषय काढला.

“वहिनी, मी तुमच्याबद्दल नव्हतो बोललो,” ते पहिल्यांदा म्हणाले.

“माझ्याबद्दलच होतं ते, भावजी. माझ्याकडे तीच गाडी आहे.”

मग आम्ही नीट बोललो, जवळपास दोन तास. त्यांचे काही मुद्दे खरे आहेत, ते मी मान्य केले. मोटॅबिलिटीच्या गाड्यांवर तेव्हा व्हॅट लागत नव्हता आणि विम्यावरचा करही नव्हता, म्हणजे त्यात सरकारचा पैसा आहे. एखाद्याने स्वतःचे हजारो पौंड वर घालून महागडी गाडी घेतली, तर त्या वरच्या पैशांवरही करमाफी का, या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. देशातल्या नव्या गाड्यांपैकी साधारण पाचातली एक या योजनेतून जाते, इतका मोठा तो पसारा आहे. २०१८ मध्ये सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने त्यावर अहवाल दिला, त्यात योजना चालवणाऱ्या कंपनीच्या प्रचंड राखीव निधीवर आणि मुख्याधिकाऱ्याच्या पगारावर बोट ठेवलं होतं. ते योग्यच होतं. आमच्या भत्त्यातून चालणारी गोष्ट आहे, तिचा हिशेब आम्हालाच आधी हवा.

पण भावजींनी पुढे म्हटलं, “तुम्हाला खरंच गरज आहे. पण बाकीचे? चांगले चालताना दिसतात गाडीतून उतरून.”

मी त्यांना म्हणाले, “गाडीतून उतरून दारापर्यंत मीही चालते. तुम्ही मला तेवढंच बघता.”

ते गप्प बसले. पटलं असं नाही म्हणाले. मला वाटतं त्यांना खरा राग या गोष्टीचा आहे की ते इतकी वर्षं कर भरतात आणि आपल्याला वेळ आली तर काही मिळेल याची खात्री त्यांना नाही. ती भीती मला समजते. ती खोटीही नाही, कारण अन्याय आहेच. फक्त तो कुणाच्या गाडीवर कुठला बिल्ला आहे, यात नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहतात. मधुमेहामुळे त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा त्यांचं वय ६९ होतं. पिप मागायचा असेल तर पेन्शनच्या वयाच्या आत मागावा लागतो. त्या वयानंतर अपंगत्व आलं तर दुसरा भत्ता मिळतो, अटेंडन्स अलाउन्स, आणि त्यात हिंडण्याफिरण्याचा भागच नाही. म्हणजे गाडी नाही. पेन्शनच्या वयाआधी पाय गेला असता आणि अर्ज केला असता, तर गुण मिळून आज ७२ व्या वर्षीही त्यांच्याकडे गाडी असती. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात शिलाईमशीन चालवलं आहे इथे. मी जेव्हा खाली गाडीत बसत असते, तेव्हा त्या खिडकीतून हात करतात, आणि मला तो हात बघवत नाही.

आणि आपल्या मंडळातलंच एक जोडपं. व्हिसावर आलेलं, दोघंही पुण्याचे. मुलगा पाच वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. वडील दर महिन्याला कर भरतात, पण व्हिसावर शिक्का आहे की सरकारी भत्त्यांवर हक्क नाही. कायमचा परवाना मिळेपर्यंत अर्जसुद्धा करता येत नाही. त्या मुलाच्या खास खुर्चीला बसमध्ये जागा मिळाली तर मिळाली. बाळाची गाडी आधीच उभी असेल तर आई पुढच्या बसची वाट बघते, पावसातही. भावजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं.” ते त्या मुलाच्या वडिलांबरोबर एकाच कंपनीत काम करतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात इथला अर्थसंकल्प आला. त्याच्या आदल्याच दिवशी योजनेने बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस, अल्फा रोमिओ या गाड्या यादीतून काढल्या. मला त्यातली एकही कधी नको होती. आमच्या गटातल्या एका सव्वासहा फुटी माणसाला मात्र हवी होती. त्याचा माकडहाडाजवळचा कणा आणि एक खुबा ताठ झालेला आहे. त्याला पाय दुमडता येत नाही, आणि ज्या एका गाडीत तो पाय सरळ ठेवून बसू शकत होता, ती त्या पाचांतलीच होती. तो आता पुन्हा शोधतो आहे. अर्थसंकल्पात दुसरी गोष्ट होती ती मला लागू होते: जुलै २०२६ पासून नव्या करारांत सुरुवातीला भरायच्या वरच्या पैशांवर व्हॅट आणि विम्यावर कर. व्हीलचेअर थेट आत जाणाऱ्या गाड्या यातून वगळल्या आहेत, ते बरं झालं. पण माझ्यासारख्या मधल्या माणसांचं काय? ज्यांना खास बांधलेली गाडी लागत नाही, पण सगळ्यात स्वस्त गाडीही शरीराला बसत नाही, त्यांनी वरचे पैसे चैनीसाठी भरलेले नसतात. चार सेंटीमीटरसाठी भरलेले असतात. कर लावताना कुणाचे पैसे गुडघ्यासाठी गेले आणि कुणाचे बिल्ल्यासाठी, हे वेगळं काढायची सोय कुणी केली नाही. ती करता आली असती. गुण देताना तर आमचा एकेक मीटर मोजतातच.

विजेच्या गाड्यांचा प्रश्नही आहेच. आमचं घर फ्लॅटमध्ये, स्वतःच्या दारात गाडी लावायची जागा नाही. रस्त्यावरच्या चार्जरची केबल जड असते, चार्जर बहुतेक फुटपाथवर चढवलेला असतो, आणि खुर्चीतून तिथे पोचायला उतार नसतो. अपंगांना वापरता येतील अशा चार्जरसाठी २०२२ मध्ये एक मानक तयार झालं. आमच्या भागात मी अजून तसा चार्जर पाहिलेला नाही. पेट्रोलच्या ऑटोमॅटिक गाड्या यादीत कमी होत चालल्या आहेत.

माझ्या आताच्या गाडीचा करार या वसंतात संपतो. तिने मला काय दिलं ते मोजायचं तर मी दर मंगळवारी आणि गुरुवारी पुन्हा नोकरीवर जाते, मुलीला पोहायला सोडते, आणि एकदा, ऑगस्टमध्ये, कुणाला न सांगता एकटी बोर्नमथला समुद्र बघायला गेले. गाडीतूनच बघितला. खुर्ची उतरवली नाही. खूप वेळ बसले.

गेल्या शनिवारी आम्ही नव्या गाडीसाठी शोरूमला गेलो. विक्रेता ओळखीचा आहे, त्याला माझी टेप माहीत आहे. या वेळी मी बेनना बरोबर घेतलं होतं. त्यांना दर पंधरा दिवसांनी कृत्रिम पायाच्या दवाखान्यात जावं लागतं, टॅक्सीला येऊन-जाऊन तीस पौंड पडतात, आणि गुरुवारी मी त्याच रस्त्याने जाते. आताच्या डिकीत माझी खुर्ची आणि यारी बसवल्यावर त्यांचा वॉकर राहत नाही. मागच्या सीटवर ठेवला तर मुलीला जागा नाही.

तीन गाड्या झाल्या. चौथी लांब डिकीची होती, वरचे पैसे आधीच्यापेक्षा जास्त होते. नवऱ्याने आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सीटची उंची घेतली: ६१. मग डिकी उघडायला सांगितली. यारीची जागा सोडून उरलेली रुंदी मी मापत होते, आणि टेपचं दुसरं टोक बेननी धरलं होतं, एका हाताने वॉकरला टेकून.

“केटलूं?” त्यांनी विचारलं.

“चौऱ्याहत्तर,” मी म्हणाले. “वॉकर घडी करा बघू.”